केबल-भरपाई, नेटवर्क अ‍ॅनालायझर मापनातील

उच्च कंप्रतेच्या विद्युत् मंडलांचे पारेषण व परावर्तन नेटवर्क अ‍ॅनालायझर या यंत्राने मोजताना, यंत्र आणि परीक्ष्य वस्तू यांना जोडणाऱ्या केबलमध्ये संकेतास जो विलंब लागतो व त्याची जी घट होते, ती दोन्ही मापनातून वजा करून मापनाचा आरंभबिंदू वस्तूच्या मुखाशी नेऊन ठेवण्याच्या क्रियेस केबल-भरपाई म्हणतात. या आरंभबिंदूस संदर्भ-प्रतल अशी संज्ञा आहे. ते नेमके कोठे आहे याची खातरजमा केल्यावाचून घेतलेले मापन वस्तूचे नसून वस्तू व केबल या दोहोंचे संयुक्त मापन असते.

पॉलिएथिलीन भरलेल्या समाक्ष केबलमध्ये तरंगाचा वेग निर्वातातील प्रकाशवेगाच्या सुमारे ६६ टक्के असतो, म्हणून एक मीटर अंतर ओलांडावयास त्याला सुमारे ५.०५ नॅनोसेकंद लागतात. हा विलंब सर्व कंप्रतांना जवळजवळ सारखा असला, तरी त्यापासून उद्‌भवणारा कलाफरक कंप्रतेच्या प्रमाणात वाढत जातो. १ गिगॅहर्ट्‌झला त्या एका मीटरमध्ये कला पाच आवर्तनांहून किंचित अधिक फिरते, आणि परावर्तनात तरंग गेल्या वाटेनेच परतत असल्याने हा आकडा दुप्पट धरावा लागतो. फिलिप स्मिथ यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आलेखावर हा परिणाम प्रत्यक्ष दिसतो. केबलचे दूरचे टोक उघडे ठेवले असता जी नोंद आलेखाच्या उजव्या कडेवरील एका बिंदूत सामावावयास हवी, ती कंप्रता वाढेल तशी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, आणि घटीमुळे केंद्राकडे सरकत, सर्पिलाकार वळत जाते. यंत्रात भरपाईचा विलंब क्रमाक्रमाने वाढवीत नेला म्हणजे ही वळणे उलगडून रेषा आकसू लागते. पट्टीने लांबी मोजून हे काम साधत नाही, कारण १० गिगॅहर्ट्‌झला अशा केबलमधील अवघ्या एका मिलिमीटरची चूक परावर्तनाच्या कलेत सुमारे ३६ अंशांचा फरक पाडते.

घटीचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण विलंबाची चूक वक्राच्या विचित्र आकारावरून लक्षात येते, घटीची चूक मात्र मापन आहे त्यापेक्षा चांगले भासवते. ज्या अँटेनाची परावर्तन-घट वस्तुतः १० डेसिबेल आहे, तिच्यापर्यंत २ डेसिबेल घटीची केबल असेल, तर जाताना व येताना मिळून ४ डेसिबेल कमी होऊन यंत्र १४ डेसिबेल दाखविते, म्हणजे १.९ च्या आसपासचे स्थिर-तरंग गुणोत्तर १.५ म्हणून नोंदले जाते आणि सदोष अँटेना निर्दोष ठरते. केबलची घट १० डेसिबेल असेल, तर तिच्या टोकाशी काहीही जोडलेले नसतानाही यंत्र २० डेसिबेलचा उत्तम आकडा देईल! म्हणून मनोऱ्यावरील अँटेना जमिनीवरून लांब केबलने तपासली असता तिच्या आकड्यावर केबलच्या घटीचा हिशेब मांडल्याखेरीज विसंबू नये. वाहकाच्या पृष्ठभागातच प्रवाह केंद्रित होत असल्याने डेसिबेलमधील घट कंप्रतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते व निरोधक पदार्थातील घट कंप्रतेच्याच प्रमाणात. त्यामुळे सर्व पट्ट्याला एकच स्थिर आकडा लावणे अयोग्य होय. दोन कंप्रतांना घट मोजून त्यांवरून घातांक काढण्याची तजवीज अनेक यंत्रांत केलेली असते.

प्रचलित पद्धतींत सर्वांत सुलभ म्हणजे पोर्ट एक्स्टेन्शन, अर्थात विलंब व घट यांचे आकडे यंत्रात भरून त्यांची वजावट करणे. तीत केबल परिपूर्ण आहे, तिच्या दोन्ही टोकांशी व जोडण्यांमध्ये कोठेही परावर्तन होत नाही, असे गृहीत धरलेले असते. हे गृहीतक लांब केबलच्या बाबतीत क्वचितच टिकते: जोडणीतील अल्प परावर्तन वस्तूकडून आलेल्या परावर्तनात मिसळून वक्रावर तरंगिका उमटवते, आणि वरील एका मीटरच्या केबलच्या दोन टोकांमधील अशा तरंगिकांचे अंतर सुमारे ९९ मेगॅहर्ट्‌झ येते. विलंब व घट यांची कितीही वजावट केली तरी ही तरंगिका जात नाही. यास्तव केबलच्या टोकाशी उघडे, बंद, भारित व आरपार अशी प्रमाणे लावून पूर्ण कॅलिब्रेशन करणे, दोन पोर्टांच्या यंत्रात त्याने बारा त्रुटिपदांचे निराकरण करणे, आणि पोर्ट एक्स्टेन्शन हा उपाय त्यापलीकडच्या आखूड अनुयोजकापुरता राखून ठेवणे हाच योग्य क्रम होय. समाक्ष प्रमाणे जेथे लावता येत नाहीत, तेथे एन्गन व होअर यांनी १९७९ मध्ये मांडलेली आरपार, परावर्तक व रेषा यांवर आधारलेली पद्धत उपयोगी पडते. मुद्रित मंडलावरील मापनांत तिचे महत्त्व विशेष आहे. उघड्या टोकाच्या कडेशी विद्युत् क्षेत्र पसरून किंचित धारकता उत्पन्न होते, म्हणून नुसत्या उघड्या टोकावर विलंब जुळविण्यापेक्षा उघडे व बंद या दोहोंचा मेळ घालावा.

भरपाई एकदा केली म्हणून ती कायम राहत नाही. केबल वाकविली वा तिचे तापमान बदलले, की कला ढळते. केबलमध्ये निरोधक म्हणून टेफ्लॉन असेल, तर त्याचा अंतर्गत स्फटिक-विन्यास १९ अंश सेल्सिअसच्या सुमारास बदलतो व तेथे ढळण्याचे प्रमाण एकदम वाढते, आणि वातानुकूलित प्रयोगशाळांचे तापमान प्रायः याच अंशाच्या शेजारी असते. अतिदीर्घ केबलमध्ये आणखी एक अडचण उद्‌भवते. यंत्र कंप्रता अखंड सरकवीत असेल, तर केबलमधून विलंबाने पोहोचलेला संकेत येईतो ग्राहक पुढच्या कंप्रतेवर गेलेला असतो, आणि संकेत त्याच्या अरुंद गाळणीबाहेर पडून पातळी खोटी कमी नोंदली जाते. अशा वेळी कंप्रता पायरीपायरीने बदलून प्रत्येक पायरीवर केबलच्या विलंबाहून अधिक काळ थांबावे लागते.