जुन्या मोटारींसाठी इंजिन ऑइल : कमी खर्चात योग्य निवड

(प्रतिनिधी)

जुन्या मोटारीच्या मालकाला सल्ल्यांची वानवा कधीच नसते. दारात प्रीमियर पद्मिनी किंवा ॲम्बेसेडर उभी असली, की शेजारी, मिस्त्री आणि सुट्या भागांचा दुकानदार हे तिघे तीन निरनिराळी तेले सुचवितात. त्यातच ‘इंजिन जुने आहे, तेव्हा सर्वांत महागडे सिंथेटिकच घाला’ असा आग्रहही बऱ्याचदा ऐकू येतो. वास्तविक कार्ब्युरेटरच्या जमान्यातील इंजिनाला मानवणारे तेल बाजारातील स्वस्त तेलांतच मोडते. मात्र स्वस्त मिळाले म्हणून हाती लागेल तो डबा ओतला, तर कॅमशाफ्ट आणि टॅपेट झिजू लागतात आणि ही झीज भरून निघत नाही. पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला. ॲम्बेसेडरचे २०१४ मध्ये थांबले. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली आणि सुट्या भागांचे हक्काचे गिऱ्हाईकही तिच्याबरोबर गेले. अशा स्थितीत तेलाच्या डब्यावर काय वाचावे, हे मालकाने स्वतःच जाणून घेतलेले बरे.

आकड्यांचा अर्थ

डब्यावर ठळक छापलेला आकडा तेलाच्या दाटपणाचा असतो. ‘२०डब्ल्यू-५०’ यातील डब्ल्यू हे अक्षर ‘विंटर’ म्हणजे हिवाळ्याचे. त्याच्या आधीचा आकडा थंडीत तेल कसे वागते हे सांगतो, तर नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला, म्हणजे इंजिन पुरते तापल्यावर, ते किती दाट राहते हे सांगतो. २०डब्ल्यू तेलाची इंजिन फिरविण्याची कसोटी उणे १५ अंशांना घेतात, ५डब्ल्यूची उणे ३० अंशांना. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात खऱ्या. पण त्या थंडीसाठीही २०डब्ल्यू पुरेसे आहे. उणे ३० अंशांच्या गुणवत्तेसाठी महाराष्ट्रातील मोटारमालकाने जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

पद्मिनीचे १०८९ सीसीचे आणि जुन्या ॲम्बेसेडरचे १४८९ सीसीचे इंजिन, दोन्ही पुशरॉड पद्धतीची. त्यांच्या बेअरिंगमधील फटी आजच्या इंजिनांच्या मानाने मोठ्या असतात. नव्या मोटारींसाठी आलेले ०डब्ल्यू-२० सारखे पातळ तेल तेथे पुरेसा दाब धरू शकत नाही. चालून चालून सैल झालेल्या इंजिनाला २०डब्ल्यू-५०, तर नुकतेच इंजिनकाम झालेल्या मोटारीला १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० हा सामान्य नियम धरावा. मूळ माहितीपुस्तिका हाताशी असल्यास तिचा शब्द अखेरचा मानावा. नव्वदच्या दशकात इसुझू इंजिन बसवून आलेल्या ॲम्बेसेडरला वरील हिशेब जसाच्या तसा लागू करू नये.

एक सूचना येथेच करावीशी वाटते. इंजिन तापल्यावर, मोटार उभी असताना तेलाच्या दाबाचा दिवा लुकलुकू लागला, की अधिक दाट तेल घालून तो विझविण्याची पद्धत आहे. दिवा विझतो, पण बेअरिंग झिजलेलेच राहते. हा खर्च पुढे ढकलण्याचा मार्ग झाला.

जस्ताचा प्रश्न

जुन्या मोटारींच्या शौकिनांमध्ये ज्याची सर्वाधिक चर्चा होते, तो विषय म्हणजे तेलातील जस्त. या इंजिनांत कॅमचा उंचवटा टॅपेटच्या सपाट तळावर घासत फिरतो. तेथे दोन धातूंचा स्पर्श अगदी अरुंद पट्टीत होतो आणि दाब प्रचंड असतो. जस्त व फॉस्फरसयुक्त ‘झेडडीडीपी’ हे द्रव्य उष्णता व दाबाखाली धातूवर काचेसारखा पातळ थर धरते आणि झीज तो थर सोसतो. परंतु तेलाबरोबर थोडा फॉस्फरस जळून धुरात जातो व कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो. म्हणून अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, अर्थात एपीआयच्या २००४ मधील ‘एसएम’ प्रतीपासून फॉस्फरसची कमाल मर्यादा ०.०८ टक्क्यांवर आणण्यात आली. आपल्याकडे चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला तो एप्रिल १९९५ पासून. त्याआधीच्या मोटारीत जपण्याजोगा कन्व्हर्टरच नाही. तिच्या वाट्याला या कपातीचा तोटा तेवढा येतो.

यावरून ‘नवे तेल म्हणजे जुन्या इंजिनाला विष’ असा निष्कर्ष काढला जातो. तो अर्धसत्य आहे. ही कमाल मर्यादा ज्यांचा दुसरा आकडा २० किंवा ३० आहे अशा पातळ तेलांना लागू होते. १५डब्ल्यू-४० वा २०डब्ल्यू-५० या दाट तेलांना ती बांधून ठेवत नाही. शिवाय पद्मिनी किंवा ॲम्बेसेडरच्या मूळ व्हॉल्व्ह स्प्रिंगा शर्यतीच्या मोटारीइतक्या कडक नसतात. योग्य दाटपणाचे तेल घेतले, की बहुतेकांची जस्ताची चिंता तेथेच मिटते. वेगळ्या बाटलीतून मिळणारे जस्ताचे औषध अंदाजाने ओतणे टाळावे. प्रमाणाबाहेर गेल्यास तेही धातूला अपायकारक ठरते. अपवाद एकच. नवा कॅमशाफ्ट बसविल्यानंतरची पहिली २०-३० मिनिटे निर्णायक असतात आणि त्यावेळी झेडडीडीपी भरपूर असलेले तेलच वापरावे.

एपीआयच्या प्रतींत ‘एस’ने सुरू होणारी अक्षरे पेट्रोल इंजिनांची, ‘सी’ने सुरू होणारी डिझेलची. दुसरे अक्षर जितके पुढचे तितकी प्रत नवी. केवळ ‘एसए’ किंवा ‘एसबी’ लिहिलेले तेल कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. १९५१ नंतरच्या इंजिनांसाठी ते योग्य नाही, असे एपीआयचेच म्हणणे आहे.

पैसे कोठे वाचतात

सर्वांत किफायतशीर पर्याय मालमोटारींच्या तेलात दडलेला आहे. डिझेल इंजिनांच्या ‘सीआय-४ प्लस’ प्रतीच्या १५डब्ल्यू-४० तेलात झीजरोधक द्रव्य चांगल्या प्रमाणात असते आणि वाहतूकदारांमुळे खप मोठा असल्याने प्रतिलिटर दर उतरतो. डब्यावर ‘सीआय-४ प्लस’च्या जोडीला ‘एसएल’सारखी पेट्रोलची प्रतही छापलेली आहे, एवढे पाहून घ्यावे. या तेलात मळ धुऊन काढणारी द्रव्येही जोरकस असतात. वर्षानुवर्षे गाळ साचलेल्या इंजिनात ते प्रथमच घातल्यास हजारेक किलोमीटरनंतर तेल व फिल्टर दोन्ही बदलावेत, नाहीतर सुटलेला गाळ तेलाच्या वाटा बुजवितो. गाळामुळेच रोखलेली गळती अशा वेळी उघडी पडते. दोष त्यात तेलाचा नसतो, सीलचा असतो.

इंडियन ऑइलचे सर्वो, हिंदुस्तान पेट्रोलियमचे एचपी आणि भारत पेट्रोलियमचे मॅक ही सरकारी कंपन्यांची तेले पेट्रोल पंपांवर मिळतात. जुन्या इंजिनाला त्यांत काही उणे पडत नाही. डब्याच्या किमतीऐवजी लिटरमागे पडणारा दर काढून तुलना करावी. चार-पाच मित्रांच्या मोटारी एकाच ग्रेडच्या असतील, तर २० लिटरची बादली वाटून घेणे परवडते.

बचत करू नये ती बदलण्याच्या मुदतीत. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते आणि अशी मोटार नियमित वापरता येत नाही. नोंदणी असो वा नसो, बहुतेक जुन्या मोटारी रविवारच्या फेरीपुरत्याच निघतात. थोड्या अंतरात इंजिन पुरते तापत नाही. ओलावा आणि कच्चे पेट्रोल तेलातच राहते. म्हणून किलोमीटर भरोत न भरोत, वर्षातून एकदा तेल बदलावेच. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल किंवा तेलाची पातळी वाढलेली दिसली, तर पेट्रोल पंपाचा पडदा फाटल्याची शंका घ्यावी आणि तो दुरुस्त होईपर्यंत मोटार चालवू नये.

सुट्या तेलाच्या मोहात पडू नये. गाळून साफ केलेले काळे तेलही त्या रूपात विकले जाते. खरेदी कंपनीच्या पंपावर किंवा अधिकृत विक्रेत्याकडे करावी, झाकणाचे सील, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख पाहावी व बिल मागावे. काढलेले तेल गटारात ओतू नये. कायद्याने तो घातक कचरा आहे आणि नोंदणीकृत गोळा करणाऱ्याकडेच तो गेला पाहिजे. तेल बदलून देणाऱ्या गॅरेजला ते कोणाकडे देतात, हे विचारून घ्यावे. रिकामा डबा मात्र भोक पाडल्याशिवाय भंगारात देऊ नये. बनावट तेल भरायला धड डबेच लागतात.