पोटशूळ आणि अफू

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पोटात एकाएकी भयंकर कळ उठलेल्या रोग्यासाठी युरोप-अमेरिकेतील नामांकित वैद्यांजवळ अफूखेरीज फारसा इलाज नव्हता. न्यूयॉर्कचे अलोंझो क्लार्क तर उदरावरणाच्या दाहावर ती इतक्या सढळ हाताने देत की, श्वास मंदावेपर्यंत मात्रा वाढवीत नेणे हाच त्यांचा शिरस्ता होता. आतडी स्वस्थ राहावीत, हा हेतू. रोगी शांत पडे, घरची माणसे दुवा देत. मात्र उजव्या कुशीत जे पिकत आणि फुटत असे, त्याची वर्दी देणारा जासूदच त्या मात्रेने मुका केलेला असे.

जून 1886 मध्ये वॉशिंग्टन येथील वैद्यसभेत बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी आपला निबंध वाचला. फिट्झ शस्त्रवैद्य नव्हते, विकृतिशास्त्रज्ञ होते. मृतांच्या उदरात डोकावण्याची सवय असल्यामुळेच बहुधा त्यांना जिवंतांविषयी इतके स्पष्ट बोलता आले. ज्या दाहाचे खापर तोवर उंडुकावर फुटे, त्याचे मूळ बहुधा चिमुकल्या आंत्रपुच्छात असते, हे दाखवून त्यांनी त्यास ‘अपेंडिसायटिस’ हे नाव दिले. आणि पहिले चोवीस तास उलटूनही दाह पसरत असेल व प्रकृती गंभीर असेल, तर तात्काळ शस्त्रक्रियेचा विचार करावा, असे बजावले. तीन वर्षांनी चार्ल्स मॅकबर्नी यांनी कमरेच्या हाडाच्या पुढल्या टोकापासून बेंबीकडे जाणाऱ्या रेषेवर, दीड-दोन इंचांच्या अंतराने, एका बोटाने दाबून दुखरी जागा मुक्रर करावयास शिकवले.

पुढे 26 जून 1902 रोजी व्हावयाचा सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक याच विकारापायी तहकूब झाला. दोन दिवस आधी, बकिंगहॅम राजवाड्यातच, फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी गळवाचा पू वाहता केला. राजा वाचला आणि 9 ऑगस्टला मुकुट चढला. दोनच वर्षांपूर्वी ट्रीव्ह्ज यांची स्वतःची मुलगी याच विकाराने दगावली होती, हे मात्र त्या जयजयकारात कोणाच्या ध्यानी राहिले असेल?

लंडनच्या झॅकरी कोप यांनी 1921 साली अशा पोटदुखीच्या निदानविद्येचे पुस्तकच लिहिले. धडधाकट माणसाची तीव्र कळ सहा तास टिकली, तर बहुधा मामला शस्त्रवैद्याचा समजावा, हा त्यांचा आडाखा आजही चालतो. तपासताना हात उबदार करून दुखऱ्या जागेपासून दूर आरंभ करावा आणि डोळे पोटावर नव्हे, चेहऱ्यावर ठेवावेत. मूतखड्याचा रोगी तळमळत लोळतो. जठराचा व्रण फुटलेला मात्र निश्चल पडून राहतो, त्याचे पोट फळीसारखे ताठ असते, आणि काही तासांनी त्यास जो उतार वाटतो तो सर्वांत फसवा. अफूचा धडा घेतलेल्या वैद्यांनी पुढे निदानापूर्वी वेदनाशामक देणेच वर्ज्य मानले, आणि कित्येक दशके रोगी विनाकारण विव्हळत राहिले. बेताच्या मात्रेने निदान बिघडत नाही, हे फार उशिरा पटले.

आपल्याकडे अफूची जागा एरंडेलाने घेतली होती. बेंबीवर हिंग, मग शेक, मग रेचक. आणि सुजलेले आंत्रपुच्छ रेचकाने फुटू शकते, याची घरात कोणाला वार्ता नसे. म्हणून इस्पितळात जाणते डॉक्टर नाडीला हात घालतानाच विचारीत, “आजी, काय काय पाजलंत?” आणि उत्तर ठरलेले असे, “फार नाही हो, दोन चमचे एरंडेल.”