जखमेची किंमत कोण ठरवतं?

जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकला गेला. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. याच रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या गावांत आम्ही काम करतो, आणि तिथं आम्हाला दुसराच वेग दिसतो. अपघातात पाय गेलेल्या मजुराला दवाखान्याचं बिल आठ दिवसांत मिळतं, भरपाई मिळायला वर्षं लागतात. या दोहोंच्या मधल्या काळात दारात एक माणूस येतो आणि म्हणतो, "कोर्टकचेरी कशाला? थोडे घ्या, मिटवून टाका."

अपघात-भरपाईच्या कायद्याचा इतिहास म्हणजे गरीब जखमीला या माणसापासून वाचवण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे. तो आपल्या तरुणांना माहीत असलाच पाहिजे, कारण त्यात बाबासाहेबांचाही वाटा आहे.

1855 साली इंग्रज सरकारने अपघाती मृत्यूबाबत कायदा केला. मृताच्या वारसांना दावा लावता येऊ लागला. पण दिवाणी कोर्टात जायचं, फी भरायची आणि समोरच्याची चूक सिद्ध करायची. ज्याच्या घरी चूल पेटायची मारामार, त्याने हे कसं करायचं? हक्क कागदावर होता, वापरण्याची ऐपत नव्हती.

मोठं पाऊल पडलं ते 1923 च्या कामगार भरपाई कायद्याने. काम करताना इजा झाली तर मालकाची चूक दाखवायची गरज उरली नाही. याच कायद्याचं 17 वं कलम प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावं. कामगाराने भरपाईचा हक्क सोडून देणारा करार केला, तर तो करारच रद्दबातल ठरतो. मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर वारसांच्या हातात द्यायची नाही, ती आयुक्ताकडे जमा करायची. जखमी माणूस आणि मालक बरोबरीने बोलायला बसत नाहीत, एकाच्या घरी भूक असते आणि दुसऱ्याच्या हातात वेळ असतो, हे कायद्याने तेव्हाच ओळखलं होतं. मात्र हा कायदा कारखाने, खाणी, रेल्वे अशा ठरावीक कामांपुरता होता. वऱ्हाडात कापूस वेचणारी बाई त्याच्या बाहेरच राहिली.

1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. 1943 साली त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात युद्धात जखमी होणाऱ्या कामगारांच्या भरपाई-विम्याचं विधेयक मांडलं. त्यात भरपाईची जबाबदारी मालकावर टाकली आणि त्या जबाबदारीचा विमा उतरवणं मालकाला सक्तीचं केलं. यामागचा विचार सरळ आहे. मालकाचं दिवाळं निघालं तर नुसत्या हक्काने पोट भरत नाही. हक्कामागे पैसा उभा असावा लागतो, आणि तो मालकाच्या मर्जीवर असून चालत नाही.

1947 साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात ते आणखी पुढे गेले. विमा हा राज्याच्या मालकीचा व्यवसाय असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा घेणं सक्तीचं असावं, अशी मागणी त्यांनी केली. विम्याच्या पैशामागे राज्याची सगळी साधनसंपत्ती हमी म्हणून उभी राहील आणि राज्याला नियोजनासाठी निधी मिळेल, हा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे 1956 मध्ये आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं. 1 जानेवारी 1973 पासून 107 सामान्य विमा कंपन्या एकत्र करून चार सरकारी कंपन्या केल्या गेल्या. 2000 नंतर खासगी कंपन्यांना पुन्हा दार उघडलं. बाबासाहेबांनी मांडलेली सक्तीच्या आयुर्विम्याची कल्पना मात्र कोणीच उचलली नाही.

रस्त्यावरच्या अपघातांचा धागा याला समांतर चालतो. 1939 च्या मोटार वाहन कायद्यातली तिसऱ्या पक्षाच्या सक्तीच्या विम्याची तरतूद 1 जुलै 1946 पासून लागू झाली. 1956 च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणं आली. 1982 मध्ये चूक सिद्ध न करता भरपाई देण्याचं तत्त्व रस्त्यावरच्या अपघातांनाही लागू झालं. तेव्हा मृत्यूसाठी 15 हजार आणि कायमच्या अपंगत्वासाठी साडेसात हजार रुपये ठरले. आज 164 व्या कलमाखाली हे आकडे 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आहेत. गाडी ठोकून पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी मृत्यूसाठी 2 लाख व गंभीर दुखापतीसाठी 50 हजार मिळतात.

मग अडतं कुठं? अडतं ते मोजमापात. यापेक्षा जास्त भरपाई हवी तर ती मिळकतीवरून मोजतात. पगारदाराकडे पगारपत्रक असतं. सोयाबीन सोंगायला जाणाऱ्याला मजुरीची पावती कोण देतो? ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या बिनकागदाच्या कामात ठेवलं, त्याच समाजाला कागद मागायचा आणि कागद नाही म्हणून त्याचा पाय स्वस्तात मोजायचा! जातीने ठरवलेलं काम असं विम्याच्या हिशोबात शिरतं.

सर्वोच्च न्यायालयाने हे काही प्रमाणात ओळखलं आहे. 2010 च्या एका निकालात त्याने सांगितलं की शरीराचं अपंगत्व किती टक्के, यापेक्षा कमावण्याची शक्ती किती गेली हे पाहायचं. हात गेलेला कारकून नोकरीत राहू शकतो, हात गेलेल्या सुताराची जवळपास सगळी कमाई जाते. 2014 मध्ये पाय गमावलेल्या एका भाजीविक्रेत्याकडे मिळकतीचा पुरावा मागणं न्यायालयाने गैर ठरवलं आणि महिन्याची मिळकत साडेसहा हजार धरली. 2021 मध्ये गृहिणीच्या घरकामाचं आर्थिक मूल्य धरलंच पाहिजे, हे त्याने पुन्हा बजावलं. हे निकाल आपल्या वकिलाच्या टेबलावर असले पाहिजेत.

दुसरी अडचण गाडीची. आपली माणसं कामाला, लग्नाला, दीक्षाभूमीला कशातून जातात? ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, छोट्या हत्तीतून. डिसेंबर 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. काही प्रकरणांत न्यायालयं कंपनीला आधी पैसे भरायला लावतात आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतात. पण त्यावर विसंबता येत नाही. मालकाची जबाबदारी उरते, पण एका जुन्या टेम्पोच्या मालकाकडून किती वसूल होणार? म्हणून जयंतीला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला निघताना प्रवासी परवान्याचीच गाडी ठरवणं, हे आंदोलनाचंच काम समजलं पाहिजे.

काही कार्यकर्ते म्हणतात, "गरिबाला आजच पैसे लागतात, तो वर्षानुवर्षं कसा थांबेल?" प्रश्न खरा आहे. तडजोड करू नये असं आम्ही म्हणत नाही. ती कधी आणि कुणासमोर करायची, एवढाच आमचा मुद्दा आहे. अपंगत्वाचा दाखला मिळण्याआधी आणि मिळकतीचा हिशोब मांडण्याआधी सही करायची नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर विमा कंपनीने अपघाताची माहिती मिळाल्यापासून 30 दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव द्यायचा असतो. तो नाकारता येतो. लोकअदालतीतही तडजोड होते, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही, हे आधी घरच्यांना समजावून सांगा.

आणखी एक धोका मुदतीचा. 1994 मध्ये दाव्याची कालमर्यादा काढून टाकली होती. 1 एप्रिल 2022 पासून सहा महिन्यांची मुदत परत आली. या मुदतीला न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण आपण कॅलेंडर पाहूनच चालावं. 'मिटवून टाका' म्हणणाऱ्याला हेच सहा महिने बोलण्यात घालवायचे असतात.

प्रत्येक वस्तीत दोन-तीन तरुणांनी हे काम अंगावर घ्यावं. एफआयआरची प्रत, पंचनामा, दवाखान्याची प्रत्येक चिठ्ठी, रोजगार हमीचं जॉब कार्ड, ई-श्रम किंवा बांधकाम कामगार नोंदणी, मुकादमाची साक्ष हे सगळं पहिल्या महिन्यात गोळा करा. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि महिलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील देणं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणावर 1987 च्या कायद्याने बंधनकारक आहे. अर्ज करा, पोच घ्या.

बुद्धविहारात वाचनालय असतं, तशी एक अपघात-फाईलही असू द्या. पुढच्या वेळी तो माणूस दारात येईल, तेव्हा घरच्यांनी त्याला एवढंच सांगावं : "आमची फाईल विहारात आहे, बोलायचं तर तिथं चला."

जयभीम!