चिंताशामक औषधांची क्रमशः घट

बेन्झोडायझेपिन गटातील औषधे (डायझेपाम, लोराझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम इ.) दीर्घकाळ घेतल्यानंतर त्यांची मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवत नेऊन ती थांबवण्याची वैद्यकीय पद्धत. तिची आजची घडण मुख्यतः ब्रिटनमध्ये झाली आणि तीत डॉक्टरांइतकाच रुग्णांचा वाटा आहे.

लिओ स्टर्नबाख यांच्या संशोधनातून हॉफमन-ला रोश कंपनीने १९६० मध्ये क्लोरडायझेपॉक्साइड (लिब्रियम) आणि १९६३ मध्ये डायझेपाम (व्हॅलियम) बाजारात आणले. आधीच्या बार्बिट्युरेटांपेक्षा ही औषधे पुष्कळच सुरक्षित असल्याने ती वर्षानुवर्षे लिहून दिली गेली. मेंदूतील गाबा या शामक रसायनाचा परिणाम ती वाढवतात. मेंदू या मदतीला सरावला, की गाबाला त्याचा स्वतःचा प्रतिसाद मंदावतो. अशा वेळी गोळी अचानक बंद केल्यास निद्रानाश, थरथर, धडधड, कानात सतत आवाज, अंगाला मुंग्या, उजेड व आवाज असह्य होणे असा त्रास सुरू होतो. काहींना फिट येते आणि ती जिवावर बेतू शकते. म्हणून मनाच्या निर्धारावर गोळ्या एका दिवसात सोडणे धोक्याचे आहे.

हा त्रास म्हणजे मूळचीच चिंता उफाळली, असे रुग्णांना बराच काळ सांगितले गेले. डॉक्टरांनी सांगितलेलीच मात्रा घेणाऱ्यांनाही तो होतो, हे लंडनमधील पेटुरसन आणि माल्कम लेडर यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने दाखवले. तोवर गोळ्या घेणारी माणसे एकमेकांना शोधू लागली होती. जोन जेरोम यांनी स्थापलेली ‘ट्रॅन्क्स’ ही अशा आरंभीच्या संघटनांपैकी एक. बीबीसीच्या ‘दॅट्स लाइफ!’ कार्यक्रमाने हा विषय घरोघर नेला. पुढे १९८८ मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने ही औषधे दोन ते चार आठवड्यांपुरतीच द्यावीत, असा सल्ला दिला.

न्यूकॅसल येथील औषधशास्त्रज्ञ हेदर अ‍ॅश्टन (१९२९–२०१९) यांनी १९८२ ते १९९४ या काळात केवळ या गोळ्या सोडवण्यासाठी बाह्यरुग्ण विभाग चालवला. रुग्ण सांगत ते त्यांनी खरे मानले. त्यांच्या कार्याचे मोठेपण येथे आहे. त्यांच्या मार्गदर्शिकेत (१९९९, सुधारित २००२) अल्पकाळ टिकणाऱ्या गोळीऐवजी रक्तातून सावकाश उतरणारे डायझेपाम हळूहळू आणावे व मग तेच कमी करावे, अशी रीत मांडली आहे. अ‍ॅश्टन यांच्या हिशेबाने ०.५ मिलिग्रॅम अल्प्राझोलाम सुमारे १० मिलिग्रॅम डायझेपामच्या तोडीचे असते. ‘अर्धीच तर गोळी घेते’ असे म्हणणाऱ्याने हा आकडा ध्यानात ठेवावा. मात्र वयोवृद्धांत डायझेपाम शरीरात साठून राहते व पडण्याची भीती वाढते, त्यामुळे हा बदल सर्वांना मानवत नाही. अमेरिकेतील २०२५ च्या संयुक्त मार्गदर्शनानुसार आरंभी दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के घट विचारात घ्यावी आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून अधिक करू नये. वेग रुग्णाच्या सोसण्याप्रमाणे ठरतो. एखाद्या पायरीवर महिनाभर थांबणे म्हणजे हार नव्हे.

या थांबण्याच्या काळात समदुःखी सोबत्यांच्या गटाचा खरा उपयोग होतो. त्रास लाटांसारखा येतो आणि ओसरतो, मधले चार दिवस बरे जातात, हे स्वतः सोसलेल्याने सांगितले की ते पटते. नवे, पूर्वी कधीच नसलेले लक्षण जाणवल्यास वेड लागल्याची धास्ती वाटते. गटात तेच लक्षण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ती कमी होते. घरच्यांनाही गटाच्या बैठकांत घ्यावे, कारण चिडचिड आणि जागरणे त्यांच्या वाट्याला येतात. गटाची मर्यादाही स्पष्ट आहे : दुसऱ्याचे वेळापत्रक उचलून स्वतःला लावू नये. मात्रा ठरवणे डॉक्टरांचे काम आहे. विशेषतः गरोदरपण, फिटचा पूर्वेतिहास किंवा सोबत मद्यपान असल्यास. फिट, भ्रम वा आत्महत्येचे विचार आल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

भारतात यांतील अनेक औषधे मार्च २०१४ पासून ‘एच१’ अनुसूचीत आहेत. औषध दुकानदाराने चिठ्ठी पाहून विक्रीची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. जुनीच चिठ्ठी पुन्हापुन्हा दाखवून गोळ्या चालू ठेवणाऱ्यांनी ती मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून घट आखून घ्यावी. सल्ल्यासाठी केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.