रॉकी पर्वतातले हिरवे मैदान

गोल्फ हा खेळ येथे जमलेल्यांपैकी बहुतेकांनी कधी खेळलेला नसणार, आणि आम्हीही तो खेळलेलो नाही, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. मग ह्या खेळाच्या मैदानावर व्याख्यान कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर एवढेच की, क्रिकेटची खेळपट्टी पुण्यात घातली काय किंवा सिडनीत घातली काय, ती २२ यार्डांचीच राहते; गोल्फचे मैदान मात्र जिथे जाईल तिथल्या जमिनीचे रूप घेते. जमीन आणि माणूस यांच्यात काय व्यवहार झाला, कोणी किती माघार घेतली, हे त्या मैदानावर उमटलेले असते. ज्याला इतिहास वाचण्याची सवय आहे त्याला ते वाचता येते.

खेळ थोडक्यात असा. आपण लहानपणी गोट्या खेळताना जमिनीत गल करीत असू. तशीच एक गल चारपाचशे यार्डांवर आहे असे समजा, आणि हातातल्या काठीने लहानसा चेंडू मारीत मारीत कमीत कमी टोल्यांत तो त्या गलीत घालायचा. अशा अठरा गली, म्हणजे अठरा 'होल', एकामागून एक पार करायच्या. चेंडू जिथून प्रथम मारायचा ती जागा म्हणजे टी, मधली कापलेल्या गवताची वाट म्हणजे फेअरवे, गलीभोवतालचे मऊ गालिच्यासारखे गवत म्हणजे ग्रीन, आणि वाटेत खेळणाऱ्याला फसवण्यासाठी असलेले वाळूचे खड्डे म्हणजे बंकर. एवढ्या शब्दांवर आजचे आपले काम भागेल.

हा खेळ वाढला स्कॉटलंडच्या समुद्रकाठी. तिथे वाळूच्या टेकाडांवर आखूड गवत आपोआप उगवते, पाणी क्षणात जिरते, आणि मेंढ्यांनी वाऱ्यापासून आडोसा घेता घेता पाडलेले खळगे हेच पहिले बंकर झाले असे सांगतात. म्हणजे मैदान निसर्गानेच आखून ठेवलेले. माणसाने फक्त गली केल्या. डोंगरात ह्यातले काहीच नसते. उतारावर चेंडू थांबत नाही, खडकावर गवत धरत नाही, अरण्यात चेंडू सापडत नाही, आणि बर्फाखाली पाचसहा महिने सगळेच झाकलेले असते. इंग्रजांनी आपल्याकडे हिमालयात आणि खासी टेकड्यांत हा खेळ नेला, पण त्यांनी अवघड प्रश्नाला हातच घातला नाही. गुलमर्ग हे मुळातच कुरण होते, सिमल्याजवळचे नालदेरा ही देवदारांतली मोकळी जागा होती. (ह्या नालदेऱ्यावर लॉर्ड कर्झन इतका खूष होता की, १९०४ साली झालेल्या आपल्या मुलीच्या नावात त्याने ते गोवून टाकले. आपल्या लेकींच्या नशिबी गावाची नावे येत नाहीत हे एक बरे!) घनदाट अरण्य तोडून, खडक फोडून, डोंगरात अठरा होलांचे मैदान नव्याने घडवायचे हा उद्योग कॅनडातल्या रॉकी पर्वतात झाला, आणि तो केला दोन आगगाडी कंपन्यांच्या चुरशीने.

कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा लोहमार्ग १८८५ साली समुद्रापासून समुद्रापर्यंत जोडला गेला. मार्ग झाला, पण मधल्या डोंगरांतून नेण्याआणण्यासारखा माल कितीसा मिळणार? डोंगर काही डब्यात भरून परदेशी पाठवता येत नाहीत. तेव्हा पैसेवाल्या प्रवाशांनाच डोंगरांकडे आणावे, असा कंपनीने हिशेब केला. बान्फ येथे गरम पाण्याचे झरे होते. तिथे १८८८ साली कंपनीने हॉटेल उघडले. पुढे सरकारच्या मालकीची कॅनेडियन नॅशनल रेल्वे उभी राहिली, तिचा मार्ग उत्तरेकडून जास्परवरून जात होता. तिने १९२२ साली जास्परला सरोवराकाठी आपले निवासस्थान उघडले. एकीने हॉटेल केले की दुसरीने करायचे, आणि एकीने गोल्फचे मैदान केले की दुसरीने त्याहून सरस करायचे. ह्या चढाओढीत ज्या माणसाचे भाग्य फळले तो स्टॅन्ली थॉम्सन.

थॉम्सनचा जन्म १८९३ साली टोरांटोत, स्कॉटलंडहून आलेल्या घरात झाला. पाच भाऊ, पाचही गोल्फ खेळण्यात नावाजलेले. पहिल्या महायुद्धात तो तोफखान्यात होता. परत आल्यावर मैदाने आखण्याचा धंदा त्याने सुरू केला. खाण्यापिण्यात आणि खर्चात हात सैल, हिशेबात कच्चा, पण जमीन वाचण्यात पक्का. मेणासारख्या मातीच्या गोळ्याने तो ग्रीनच्या लहान प्रतिकृती करी, आणि कामगारांनी त्या पाहून जमिनीला आकार द्यावा अशी रीत होती. आराखड्याचा कागद ज्याला वाचता येत नाही त्या मुकादमालाही हाताने चाचपलेला उंचवटा कळतो, हे त्याने ओळखले होते.

जास्परचे काम १९२४ साली सुरू झाले. पन्नास घोडजोड्या आणि दोनशे माणसे झाडे तोडण्यात आणि शिळा हलवण्यात गुंतली होती, असे सांगितले जाते. ह्या खोऱ्यांचा तळ हिमनद्यांनी ओढून आणलेल्या गोट्यांचा आणि रेतीचा. वरची माती इतकी पातळ की, झाड उपटले तर मुळांबरोबर तीही निघून येते. तेव्हा गवताच्या खालची माती बाहेरून आणावी लागे. आगगाडी कंपनीनेच मैदान बांधायला घेतले असल्याचा फायदा इथे दिसतो. दुसऱ्या कोणाला हे परवडले नसते.

पण थॉम्सनचे खरे शहाणपण त्याने काय हलवले ह्यापेक्षा काय हलवले नाही ह्यात आहे. डोंगरातले मैदान म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे चढउताराच्या कड्यांवरचा खेळ येतो. थॉम्सन कड्यांच्या वाटेला गेलाच नाही. त्याने खोऱ्याचा तळ घेतला, सरोवराचा आणि नदीचा काठ घेतला, आणि डोंगर चढायचा नाही, डोंगराकडे पाहायचे, असे ठरवले. फेअरवेच्या आखणीसाठी झाडांत जी फट पाडायची ती समोरच्या एखाद्या शिखराच्या रोखाने पाडायची. खेळणारा टीवर उभा राहिला की, दहा मैलांवरचे शिखर त्याच्या होलाचाच भाग वाटावे. देवळात गाभाऱ्याच्या दाराशी उभे राहिल्यावर समईच्या उजेडात नजर जशी आपोआप मूर्तीवर जाते, तसाच हा प्रकार.

ह्यात एक अडचण होती, आणि ती डोळ्यांची होती. एवढ्या उंच डोंगरांपुढे माणसाने केलेला उंचवटा पोरखेळ दिसतो. म्हणून थॉम्सनने बंकर मोठे केले, त्यांच्या कडा उंचसखल ठेवल्या, इतक्या की मागच्या शिखरांची रेघ पुढच्या वाळूच्या कडेत पुन्हा दिसावी. दुसरे असे की, मोठ्या डोंगराच्या पार्श्वभूमीवर अंतर कमी वाटते. दोनशे यार्डांवरचे ग्रीन दीडशेवर आहे असा भास होऊन खेळणारा आखूड मारतो. उंचीमुळे हवा विरळ, म्हणून चेंडू थोडा लांबही जातो. म्हणजे डोळा एक सांगतो आणि हवा दुसरेच करते. मैदान आखणाऱ्याने ह्या फसवणुकीचा खेळासाठी उपयोग करून घेतला.

जास्परचे मैदान १९२५ साली खुले झाले. त्याच्या नवव्या होलाची एक गोष्ट नेहमी सांगतात. सुमारे २३० यार्डांचा हा होल, समोर पिरॅमिड पर्वत, म्हणून नाव क्लिओपात्रा. थॉम्सनने तिथले उंचवटे असे घडवले होते म्हणे, की टीवरून पाहता एखादी स्त्री पहुडली आहे असे दिसावे. रेल्वेचे अध्यक्ष सर हेन्री थॉर्नटन खेळायला आले, त्यांच्या ते ध्यानात आले, आणि त्यांनी लगेच ते मोडायला लावले. नाव मात्र राहिले. गोष्टीला सांगणाऱ्यांनी थोडे मीठमसाला लावलेला असेल. पण मातीच्या प्रतिकृती करणाऱ्या माणसाचा हात कुठवर जाऊ शकतो, ते तीवरून कळते.

जास्परची कीर्ती होताच पॅसिफिक कंपनीने थॉम्सनला बान्फला बोलावले. तिथे मैदान आधीपासून होते, पण १९२७-२८ मध्ये त्याने ते नव्याने घडवले. दहा लाख डॉलर लागलेले हे जगातले पहिले गोल्फ मैदान, असे म्हणतात. हॉटेलाखाली स्प्रे नदी बो नदीला मिळते. थॉम्सनने पहिला होल असा ठेवला की, पहिलाच टोला स्प्रे नदीच्या पलीकडे जावा, आणि शेवटी बो नदीच्या काठाने हॉटेलाच्या पायथ्याशी परत यावे. १९८९ साली नवे क्लबहाउस होऊन होलांचा क्रम बदलला, आणि तो पहिला होल आता पंधरावा झाला आहे. नाटकाचा पहिला प्रवेश तिसऱ्या अंकात घालावा तसे हे झाले, असे आमचे मत आहे. जुन्या क्रमातला आठवा, आता चौथा, म्हणजे 'सैतानाची कढई'. रंडल पर्वताच्या पायथ्याशी हिमनदीने कोरलेले एक लहानसे तळे आहे. टी उंचावर, ग्रीन पलीकडे खोलगट बशीत, आणि मधे नुसते पाणी. इथे थॉम्सनने जवळजवळ काही केले नाही. तळे होते तसे ठेवले, काठावर ग्रीन बसवले. त्याच्या सगळ्या कामात हाच होल सर्वांत नावाजला, ह्यात नवल नाही.

आता आम्हाला ज्या गोष्टीसाठी हा विषय घ्यावासा वाटला तिकडे वळतो. ही मैदाने पाहून आलेले प्रवासी एक वाक्य हमखास लिहितात, की माणसाचा पाय न लागलेल्या अरण्यात हे हिरवे मैदान उमलले. ते वाक्य खरे नाही.

जास्परचे राखीव अरण्य १९०७ साली जाहीर झाले तेव्हा अथाबास्का नदीच्या खोऱ्यात मेटी समाजाची काही कुटुंबे घरे बांधून, घोडी-गुरे पाळून राहत होती. फर-व्यापाराच्या काळात आलेले युरोपीय पुरुष आणि तिथल्या मूळच्या जमातींतील स्त्रिया यांच्यापासून हा समाज झालेला. मोबर्ली, जोआकिम, फिंडले ही त्यांची घराणी. १९१० साली त्यांना खोरे सोडायला लावले. घरांची, कुंपणांची भरपाई दिली. जमिनीची दिली नाही, कारण जमिनीचा कागद त्यांच्यापाशी नव्हता. लुइस स्विफ्ट नावाच्या एका अमेरिकन वसाहतवाल्याने आपल्या जमिनीचा हक्क कागदावर मिळवला, आणि तो तिथेच राहिला. बाकीची कुटुंबे उत्तरेकडे ग्रँड कॅशच्या बाजूला गेली. गोल्फचे मैदान त्यांच्या घरांच्या जागेवर झाले असे आम्ही म्हणत नाही. घरे खोऱ्यात पुढे खाली होती, मोबर्लींची लाकडी घरे अजून तिथे आहेत. पण थॉम्सन आला तेव्हा जे खोरे निर्मनुष्य दिसले, ते चौदा वर्षांपूर्वी निर्मनुष्य केलेले होते.

बान्फची हकीकत निराळी. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर कॅनडाने आपल्याच देशात आलेल्या परदेशी मजुरांना शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून कैदेत घातले. एकूण ८,५७९ माणसे, त्यांतली बहुसंख्य युक्रेनियन. त्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांची गावे ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या राज्यात पडत होती. १९१५ च्या जुलैत बान्फजवळ कॅसल पर्वताच्या पायथ्याशी तंबूंची छावणी पडली. थंडी आली की कैद्यांना बान्फच्या गरम झऱ्यांजवळ आणीत. रस्ते करणे, झाडी तोडणे, पुलाची कामे, आणि हॉटेलाखालच्या गोल्फच्या जमिनीचे कामही त्यांच्याकडून करून घेतले. मजुरी दिवसाला पंचवीस सेंट. १९१७ साली छावणी बंद झाली. थॉम्सनने दहा वर्षांनी जी जमीन हातात घेतली तिच्यावर आधी असे हात पडलेले होते. कॅनडाच्या संसदेने ह्या कैदेचा अन्याय २००५ साली कायद्याने मान्य केला, आणि बान्फच्या झऱ्यांपाशी तिची माहिती देणारे दालन २०१३ साली उघडले.

तिसरे मैदान रॉकीत नाही. पूर्वेच्या टोकाला, नोव्हा स्कोशियातल्या केप ब्रेटन बेटावर आहे. तिथले डोंगर उंचीला फार नाहीत, पण सरळ समुद्रातून उठतात. १९३६ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले, त्यासाठी इंगोनिश गावाकडच्या कुटुंबांच्या जमिनी सरकारजमा झाल्या. मंदीचे दिवस होते. लोकांना काम हवे होते. उद्यानात गोल्फचे मैदान करायचे ठरले, थॉम्सनला बोलावले, आणि आसपासचे कोळी व शेतकरी कुदळी, ढकलगाड्या आणि घोडे घेऊन कामाला लागले. जी जमीन कालपर्यंत आपल्या गावाची होती ती खणण्याची मजुरी सरकारकडून घ्यायची, अशी ती वेळ होती.

हे मैदान त्याच्या सगळ्यांत साधे आणि आमच्या मते सगळ्यांत चांगले. जमीन सपाट करायला पैसे नव्हते, म्हणून फेअरवेवरच्या लहानमोठ्या लाटा तशाच राहिल्या. पाय कुठेच समपातळीवर ठरत नाही. एका ठिकाणी जागा मनासारखी नव्हती, तर त्याने तिथे होल ओढूनताणून बसवला नाही. खेळणाऱ्याला क्लायबर्न नदीच्या काठाने बरेच अंतर नुसते चालायला लावले. वाटेवर वर झाडी, खाली पाणी. पुष्कळांना खेळापेक्षा ते चालणेच जास्त आठवते.

१९४१ साली मैदान खुले झाले. थॉम्सनने अठराही होलांना आपल्या वाडवडलांच्या स्कॉच बोलीतली नावे दिली. त्यांत इंगोनिशच्या एकाही शेतकऱ्याचे नाव नाही. पहिल्या होलाचे नाव समोरच्या फ्रॅनी डोंगरावरून आहे. अठरावा, जिथे दिवसभर चालून दमलेला खेळणारा परत येतो, त्याचे नाव 'हेम नू', म्हणजे 'आता घरी'.