मनावर घेतलेली ३६ माणसं

‘मनावर घेतलं ना, की सगळं होतं.’ वजनाचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. लग्नाच्या पंगतीत मावशी म्हणते, जिममधला ट्रेनर म्हणतो, ऑफिसच्या कँटीनमध्ये समोरच्या डब्याकडे बघत एखादा सहकारी म्हणतो. त्यात आणखी एक वाक्य दडलेलं असतं, ते कुणी बोलून दाखवत नाही. वजन उतरलं नाही, म्हणजे तू मनावर घेतलंच नाहीस.

मी सॉफ्टवेअर लिहितो. एखाद्याला आमचं ॲप वापरता आलं नाही की आम्हीही पटकन ‘युजर एरर’ म्हणून मोकळे होतो. पण १०० पैकी ९८ जण एकाच ठिकाणी अडकले, तर दोष युजरला देता येत नाही. तेव्हा डिझाइन उघडून बघावं लागतं. वजन कमी करण्याचा इतिहास वाचताना मला हे सारखं आठवत राहिलं, कारण त्या इतिहासात ९८ हा आकडा खरोखरच आहे. त्याच्याकडे येऊच. सुरुवात करू लंडनपासून.

विल्यम बँटिंग हा तिथला अंत्यसंस्कारांची व्यवस्था करणारा प्रतिष्ठित व्यावसायिक. राजघराण्यातल्या अंत्ययात्रांचं कामही त्याच्या कुटुंबाकडे असे. १८६२ साली, पासष्टी ओलांडलेल्या बँटिंगची उंची होती साडेपाच फुटांच्या आत आणि वजन २०२ पौंड, म्हणजे जवळपास ९२ किलो. वाकून बुटाची नाडी बांधता येईना आणि जिना उलटं उतरावं लागे. हा माणूस आळशी अजिबात नव्हता. त्याने होडी वल्हवून पाहिली, तर भूकच वाढली. स्नानाचे आणि औषधांचे नाना उपाय करून झाले. शेवटी ऐकू कमी येतं म्हणून तो विल्यम हार्वी नावाच्या कानाच्या डॉक्टरांकडे गेला आणि त्यांनी पाव, साखर, बटाटा, बीअर बंद करायला सांगितलं. वर्षभरात ४६ पौंड, म्हणजे सुमारे २१ किलो उतरले. १८६३ मध्ये त्याने स्वखर्चाने एक पुस्तिका छापली आणि ती इतकी गाजली की त्याच्या आडनावाचं क्रियापद झालं. स्वीडिश भाषेत डाएट करण्याला आजही ‘बांटा’ म्हणतात. बँटिंगचा निर्धार कित्येक वर्षं तोच होता. बदललं ते ताट.

पुढची पिढी मात्र हे विसरली. १९१८ साली लॉस एंजेलिसच्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांचं कॅलरी मोजायला शिकवणारं पुस्तक आलं. त्यांनी स्वतः ७० पौंड वजन उतरवलं होतं. पावाची एक चकती म्हणू नका, १०० कॅलरींचा पाव म्हणा, असं त्या वाचकांना सांगत. पहिलं महायुद्ध चालू होतं, अन्न वाचवणं ही देशसेवा होती. पीटर्सबाईंनी तर जर्मन सम्राटाच्या विरोधात, म्हणजे ‘कैसरविरोधी’, वजनवर्ग भरवा असं सुचवलं. इथे एक मोठा बदल झाला. जेवणाचा जमाखर्च मांडता येऊ लागला, आणि हिशेब चुकला तर ती चूक चारित्र्याची ठरू लागली. मनावर न घेणारा आता देशाचाही अपराधी.

मग मनावर घेतलेल्या माणसाला भूक खरंच जिंकता येते का? याची इतिहासातली सगळ्यात कठोर परीक्षा झाली ती दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात. हेतू वजन कमी करण्याचा नव्हताच. युद्धानंतर युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा कसं सावरायचं, हे अन्सेल कीज या शास्त्रज्ञाला शोधायचं होतं. त्यासाठी आधी काही धडधाकट माणसं उपाशी ठेवायची होती.

त्यासाठी ३६ तरुण पुढे आले. हे सगळे सदसद्विवेकाला स्मरून शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले लोक. अख्खा देश युद्धात असताना ‘मी मारणार नाही’ म्हणायचं आणि भित्रा ही शिवी सोसायची, याला किती मनोबल लागत असेल! परक्या देशातल्या अनोळखी माणसांसाठी ते स्वखुशीने उपाशी राहायला आले होते. इच्छाशक्ती मोजायची असेल तर याहून चांगली माणसं सापडली नसती.

नोव्हेंबर १९४४ मध्ये प्रयोग सुरू झाला. विद्यापीठाच्या स्टेडियमखालच्या खोल्यांत ते राहत. पहिले १२ आठवडे नेहमीचं जेवण. फेब्रुवारी १९४५ पासून २४ आठवडे दिवसाला दोन वेळचं जेवण, त्यात बटाटे, सलगम, कोबी, काळसर पाव. एकूण साधारण १,५७० कॅलरी. शिवाय आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं. सरासरी पाव हिस्सा वजन उतरलं.

पण कीजच्या नोंदींत वजनाहून जास्त अस्वस्थ करतं ते मनाचं वर्णन. ही माणसं दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली. ज्यांना स्वयंपाकात काडीचा रस नव्हता ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. इवलंसं जेवण तास तास पुरवायचं, ताट चाटून पुसायचं, च्युइंगमची पाकिटंच्या पाकिटं संपवायची. हसणं कमी झालं, चिडचिड वाढली, मैत्रिणींमध्ये मन रमेना. एक जण न राहवून गावात आइस्क्रीम खाऊन आला, त्याला प्रयोगातून काढलं. त्यानंतर कुणीही एकट्याने बाहेर जायचं नाही, सोबत जोडीदार हवाच, असा नियम झाला. जेवण पुन्हा वाढवल्यावरही भूक लगेच शमली नाही. काही जण पोट तट्ट फुगेपर्यंत खात आणि तरी भुकेलेच राहत.

या माणसांचा निर्धार कमी पडला असं कोण म्हणेल? आपण समजतो मन वर बसलंय आणि शरीराला हुकूम सोडतंय. पण इथे उपाशी शरीरानेच मनाचा ताबा घेतला होता. नैतिकतेसाठी अख्ख्या देशाशी भांडलेली माणसं पाककृतींची कात्रणं जमवत बसली होती.

आता ते ९८. १९५९ मध्ये अल्बर्ट स्टंकार्ड या मानसोपचारतज्ज्ञाने न्यूयॉर्कमधल्या एका रुग्णालयात डाएट दिलेल्या १०० रुग्णांचा मागोवा घेतला. त्यातल्या १२ जणांचं वजन २० पौंड उतरलं होतं. दोन वर्षांनी ते टिकवून ठेवणारे उरले फक्त २. ९८ माणसं एकाच वेळी आळशी, एकाच वेळी दुबळ्या मनाची कशी असतील?

मग मनाचं काम काय, काहीच नाही? तसंही नाही. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या जीन नायडेच या गृहिणीला कुणीतरी ‘बाळ कधी होणार?’ असं विचारलं. ती गरोदर नव्हती. वजन होतं २१४ पौंड. ती महापालिकेच्या वजन उतरवण्याच्या दवाखान्यात गेली, तक्ता घेतला, पण रात्री चोरून बिस्किटं खाते हे तिथे कबूल करायची तिला लाज वाटे. शेवटी तिने सहा मैत्रिणींना घरी बोलावलं आणि त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनीही आपापली चोरी सांगितली. पुढच्या वर्षी ती १४२ पौंडांवर आली आणि १९६३ मध्ये त्या बैठकींतून ‘वेट वॉचर्स’ ही कंपनी उभी राहिली. तक्ता सरकारीच होता. मैत्रिणींसमोर लाजेचं ओझं उतरलं, हा फरक होता.

१९६७ मध्ये रिचर्ड स्टुअर्ट याने आणखी एक साधी वाट दाखवली. कधी, कुठे, काय खाल्लं ते लिहा. एकाच टेबलावर बसून खा. खाताना वाचू नका, टीव्ही बघू नका. घासाघासाला चमचा खाली ठेवा. वर्ष पूर्ण करणाऱ्या ८ जणांचं वजन २६ ते ४७ पौंड उतरलं. मनाला लढायला पाठवण्याऐवजी त्याने लढाईचे प्रसंगच कमी केले.

शरीराची बाजू आता आपल्याला बरीच कळली आहे. १९९४ मध्ये लेप्टिनचा शोध लागला. चरबी स्वतःच मेंदूला निरोप पाठवते. चरबी घटली की निरोप क्षीण होतो आणि भूक वाढते. अमेरिकेतल्या ‘द बिगेस्ट लूझर’ या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, तेव्हा त्यांचं शरीर विश्रांतीत अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. हा अभ्यास २०१६ चा. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं. कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडून घाम गाळणाऱ्या या माणसांनी मनावर घेतलं नव्हतं का?

निरोप उलट्या दिशेनेही जातो. २०११ मध्ये आलिया क्रम हिने ४६ जणांना दोन वेळा एकच मिल्कशेक दिला. एकदा लेबल चमचमीत, ६२० कॅलरींचं. एकदा शहाण्यासुरत्या डाएटचं, १४० कॅलरींचं. प्रत्यक्षात शेक ३८० कॅलरींचा होता. चमचमीत समजून प्यायल्यावर भुकेचं संप्रेरक घ्रेलिन जास्त उतरलं. प्रयोग छोटा आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण ‘मी स्वतःला शिक्षा करतोय’ या भावनेने जेवणाऱ्याची भूक भागायला कठीण जात असेल, हा संशय त्यातून नक्की येतो.

या सगळ्यातून मला एवढं कळतं, की मन हा भुकेला हाणायचा दंडुका नाही. रात्री अकराला फ्रिजसमोर उभं राहून त्याचा जोर आजमावण्यात अर्थ नाही, तिथे शरीर जिंकणार. मनाचं काम त्याच्या कितीतरी आधीचं आहे. घरात काय आणायचं, कुठे बसून खायचं, आपली चोरी कुणाला विश्वासाने सांगायची आणि एक दिवस घसरल्यावर स्वतःला शिव्या न घालता दुसऱ्या दिवशी पुन्हा कसं बसायचं, हे ठरवणं. आणि डॉक्टरांची, औषधाची गरज पडली तर ती हार न मानणं.

मिनेसोटाच्या त्या प्रयोगातल्या १८ जणांच्या मुलाखती २००३-०४ मध्ये घेतल्या गेल्या. तोवर ते ऐंशीच्या घरात पोचले होते. पुन्हा वेळ आली तरी हाच निर्णय घेऊ, असं त्यांनी सांगितलं. साठ वर्षांनीही त्यांचं मन तितकंच पक्कं होतं. तरीही त्या २४ आठवड्यांत भुकेने त्यांना ताट चाटायला लावलं होतं. पुढच्या वेळी कुणाला ‘मनावर घे’ म्हणावंसं वाटलं, तर आधी ही ३६ माणसं आठवावीत.