तारली काय खाते? समस्थानिकांची मोजपट्टी आणि कोकणचा समुद्र

नवी दिल्ली : समुद्रात कोण कोणाला खाते, हे जाणण्याची जुनी पद्धत म्हणजे माशाचे पोट फाडून पाहणे. तारलीसारख्या लहान माशाच्या पोटात बहुधा ओळखू न येणारा लगदा सापडतो, आणि तोही अखेरच्या काही तासांतील भक्ष्याचा. स्थिर समस्थानिकांची पद्धत याच्या पुढे जाते. स्नायूंमधील नायट्रोजन-१५ व नायट्रोजन-१४ यांचे गुणोत्तर मोजल्यास मागील काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या आहाराची सरासरी कळते.

उत्सर्जनातून हलका नायट्रोजन तुलनेने अधिक बाहेर पडतो, जड मागे उरतो. त्यामुळे अन्नजाळ्याच्या प्रत्येक पायरीवर नायट्रोजन-१५ चे मान सरासरी ३.४ प्रतिसहस्र वाढते. कार्बन-१३ पायरीगणिक जेमतेम बदलतो. म्हणून खारफुटी की प्लवक, हा अन्नाचा मूळ स्रोत त्यावरून ओळखता येतो.

भारताच्या पश्चिम भूखंडमंचावर मात्र ही मोजपट्टी डोळे झाकून लावता येत नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोलवरचे थंड, प्राणवायू कमी असलेले पाणी वर सरकते. त्यावर पावसाच्या व नद्यांच्या गोड्या पाण्याचा थर झाकणासारखा बसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तळालगतचा प्राणवायू जवळजवळ संपतो. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था कांदोळीसमोरील समुद्रात १९९७ पासून याच्या नोंदी घेत आहे. एस. डब्ल्यू. ए. नक्वी व सहकाऱ्यांनी २००० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात या स्थितीचे वर्णन केले.

प्राणवायू संपला की जिवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरतात. त्यांच्याकडून हलका नायट्रोजन आधी खर्ची पडतो आणि उरलेले नायट्रेट जड होते. ते शोषणारे प्लवकही जड होतात, पाठोपाठ तारली आणि तिला खाणारी सुरमई. म्हणजे माशाचा आहार तोच, पण आकडा वर चढलेला. अशा तारलीला वरच्या पायरीवर बसविणे ही चूकच ठरेल. मोठे मासे उपसले जाऊन पकड खालच्या पायऱ्यांकडे सरकते आहे का, या प्रश्नाचे उत्तर शोधताना तर ती महागात पडेल.

यावर उपाय दोन. त्याच ठिकाणचे, त्याच हंगामातील प्लवक वा शिंपले मोजून पायाचा आकडा वजा करणे, हा पहिला. दुसरा अधिक खर्चिक : एकाच माशातील दोन अमिनो आम्ले वेगळी तपासणे. फेनिलॲलनीनमध्ये पायाचे मान जवळपास तसेच राहते. ग्लुटामिक आम्लात ते पायरीगणिक वाढते.